पोरीशी बोलायला बंदूक

सोमवार, ५ तारीख

म्हणजे आता पोटच्या पोरीशी दोन शब्द बोलायचे तर आईने हातात बंदूक धरायची! वर्ष होत आलं, फोन उचलत नाही, निरोपाला उत्तर नाही, आणि आज धाकट्या नणंदेच्या हाती सांगावा काय, तर आईला बोलायचं असेल तर रविवारी दुपारी खेळात ये म्हणावं. खेळात! मी काय लंगडी घालणारी पोर आहे? नणंद हे सांगताना चहाच्या कपात बघत होती. म्हणाली, "वहिनी, कॉम्प्युटरवरचा लढाईचा खेळ आहे. तुला धरून चौदा जणांची तुकडी, आणि आपली पोरगी त्यांची कप्तान. दर रविवारी असते. तिथे भेट."

"का? समोर येऊन बोलायला जीभ झडते तिची?"

"समोर तू बोलू देत नाहीस. तिथे बटण दाबल्याशिवाय बोलता येत नाही. एकाने दाबलं की बाकीच्यांनी ऐकायचं. तिचीच अट आहे."

अट! जिची वेणी घालायला मला तिला दोन गुडघ्यांत धरून ठेवावं लागायचं, ती मला अट घालते. आणि बोलू देत नाही म्हणजे काय? तिला एक वाक्य बोलायला अर्धा दिवस लागतो. मधेच थांबते, वर बघते. पुढचं मला कळलेलं असतं, मग मी पुरं करते. ह्यात गुन्हा काय झाला? बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात.

दुसरी गोष्ट पोरीला कळवायची नाही म्हणून नणंदेला शपथ घातलीय. लाँड्रीत मशीन येतंय. माणसाच्या धडासारखं असतं. त्याला शर्ट घालायचा, आतून वाफ फुगते, की शर्ट कडक. ते आलं की माझं इस्त्रीचं टेबल गेलं, आणि मी राहते ती मागची खोलीही गेली, कारण मशीनच्या बॉयलरला मालकाला तीच जागा हवीय. पुढच्या सात तारखेला रिकामी कर म्हणाला. वर म्हणतो, "मावशी, तुमच्या जिवाला आराम." ह्याच्या जिवाला आग लागो.

धाकटी बहीण ठेवून घेईल. जिन्याखाली. पोरीकडे दोन खोल्या आहेत, नणंद बघून आलीय. पण मी विचारणार नाही. तिने म्हणायचं, आई ये. आईने विचारायचं नसतं.

गुरुवार, ८ तारीख

पोरीचा जुना कॉम्प्युटर कपाटावर धूळ खात होता, तो नणंदेने जोडून दिला. ती ऑफिसात टाइप करते, तिला कळतं. मी चौथी शिकलेली, मला एबीसीडी आडवीतिडवी मांडलेली बघून घेरी येते. मग दुकानातल्या कपड्यांना लावायच्या नंबराच्या चिठ्ठ्या आणल्या आणि बटणांवर चिकटवल्या. एक पुढे, दोन मागे, तीन आडवं पडणं. बोलायच्या बटणाला लाल चिठ्ठी. ते अगदी डाव्या कडेला आहे.

नणंद म्हणते मूळ खेळ वेगळा. त्यात पोरं उड्या मारतात, मरतात, परत उठतात. त्यावर हौशी लोकांनी आपलं कलम केलंय, त्याला मॉड म्हणतात. ह्या कलमात सगळं खऱ्यासारखं. पळालं की दम लागतो, हात थरथरतो, नेम धरायला पडद्यावर फुली नाही. एकदा मेलं की मेलं. म्हटलं, खऱ्यासारखंच हवं तर खरं काय वाईट होतं? ते तर फुकट मिळतं.

ते कलम कॉम्प्युटरात उतरायलाच सकाळपासून संध्याकाळ झाली. तेवढ्यात मी दोन गाठोडी इस्त्री केली असती.

रविवार, ११ तारीख

नवख्यांना शिकवायला एक माणूस असतो, त्याला सगळे मास्तर म्हणतात. प्रत्यक्षात दातांचा डॉक्टर आहे. आवाज तसाच, दुखणार नाही म्हणत दुखवणारा.

"काकू, इथे खरं नाव नको. रेडिओवर काय नाव घेणार?"

मी समोर बघितलं. टेबलावर होती तीच. "इस्त्री," म्हटलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं. हसा.

मग म्हणाला, "आधी ज्याला सांगायचं त्याचं नाव, मग आपलं, मग मुद्दा, आणि बोट उचलायचं. 'कप्तान, इस्त्री बोलतेय, पुलावर दोन माणसं.' संपलं. का, कशाला, मी तेव्हाच म्हटलं होतं, हे काही बोलायचं नाही."

"आणि दोघांनी एकदम दाबलं तर?"

"तर कोणाचंच कोणाला कळत नाही, नुसती खरखर. आणि तुम्ही दाबून धरलंत तर तोवर तुम्हाला दुसऱ्या कोणाचं काही ऐकू येणार नाही. कोपऱ्यात हिरवा दिवा लागतो बघा. तो विझला म्हणजे तुम्ही ऐकताय."

कोणी काढली असेल ही तऱ्हा! घरातल्या बायका अशा बोलल्या असत्या तर कोणाच्या घरात चूल पेटली नसती.

तो सारखं म्हणतो, "काकू, डावा हात सैल सोडा." सैल हाताने चुणी जात नाही, बाबा. माझा उजवा फिरतो, डावा दाबून असतो. इतकी वर्षं असंच पोट भरलंय. बंदूक एकदाच चालवली, गोळी त्याच्याच पाठीत लागली. पडल्या पडल्या म्हणाला, "नेम बरा आहे." माणूस वाईट नाही.

शेवटी तिचा आवाज आला. "इस्त्री, कप्तान बोलतेय. ऐकू येतंय का?"

वर्षाने ऐकला. बारीक झालाय. जेवत नसणार.

मी म्हटलं, येतंय, पण तू जेवतेस ना वेळेवर, आणि फोन का उचलत नाहीस, आणि आत्याला मधे घालायची काय गरज, मी काय मेले होते? मग ती म्हणाली, "मिळालं." बस. तिकडे बोललेलं पोचलं की असं म्हणतात म्हणे. मी आई आहे की पार्सल?

रविवार, १८ तारीख

आज पहिली खरी मोहीम. ट्रकमध्ये बसून जायचं. कितीतरी वेळ नुसता ट्रक चालतोय, कोणी बोलत नाही, बाहेर गवत. म्हटलं ह्याला खेळ म्हणतात? मग उतरवलं आणि ती म्हणाली, "इस्त्री, कप्तान बोलतेय. तू मागचा पहारा. टेकडीवर आडवी पड, पुलाकडे बघ. कोणी आलं तर सांग. नाही आलं तर काही नको."

म्हणजे आईला नेऊन कोपऱ्यात बसवलं. बाकीचे पुढे गेले, मी गवतात पालथी. एक कुत्रं आलं नाही पुलावर. नणंद शेजारी मटार सोलत बसली होती, म्हणून निदान वेळ गेला. तिच्यापाशी मन मोकळं केलं. म्हटलं, बघ, मालक मशीन आणतोय, सात तारखेला मी रस्त्यावर, आणि ही बया मला गवत राखायला बसवते. हिच्या दोन खोल्या हिला लखलाभ. मी जिन्याखाली मरेन, पण हिच्या दारात भीक मागायला जाणार नाही. हिला वाढवताना मी कधी म्हटलं का, की नंबर लाव? नणंद पडद्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणत होती. मी म्हटलं, थांब गं, मला पुरं करू दे.

तो हिरवा दिवा आपला चालूच असतो. जुन्या कॉम्प्युटरात बिघाड असणार.

कपाळावर आलेले केस मागे सारायला डावा हात उचलला, तेव्हा एकदम तिचा आवाज आला. ह्या वेळी इस्त्री नाही म्हणाली. "आई, हे बघ, पुढच्या महिन्यात तू इक…" केस सारून हात खाली ठेवला तोच खर्र. पुढचं गेलं. मी लाल बटण दाबून चारदा म्हटलं, काय म्हणालीस, काय म्हणालीस, अगं बोल की. काही नाही. तिचं नेहमीचंच, अर्ध्यात थांबायचं. फरक एवढाच, की आता ती मशीनमधून थांबते.

बुधवार, २१ तारीख

संध्याकाळी सराव होता. पट्टी बांधायची कशी, होकायंत्र बघायचं कसं. उत्तर दिशा मला पटकन सापडली, मास्तरला नाही.

तुकडीत एकाला बोका म्हणतात. टेम्पो चालवतो, भाजी वाहतो. आज मधेच म्हणाला, "काकू, सामान हलवायला लागलं तर टेम्पो माझा. लाजू नका."

"कसलं सामान?"

"नाही, आपलं… असंच."

जखमींना पट्टी बांधणारी एक पोरगी आहे, ती प्रत्यक्षात चपलांच्या दुकानात असते. ती विचारते, "काकू, गुडघे बरे आहेत ना तुमचे? कप्तानच्या इमारतीला तीन मजले आहेत आणि लिफ्ट नाही." म्हटलं, तिच्या इमारतीला लिफ्ट नसली तर मी काय करू, तिने चढावं, तिचे पाय आहेत.

मग लख्ख कळलं. नणंद फुटली. ती घरी आल्याबरोबर तिला धरलं. ती म्हणाली, "माझी जीभ झडो मी एक शब्द बोलले असेन तर. वहिनी, अगं रविवारी तू स्वतःच, तुझा तो हात…" म्हटलं, पुरे. आता सारवासारव नको. आपलेच दात, आपलेच ओठ. बारा परक्या माणसांना माहीत झालं की माझी खोली जातेय. आणि जिला माहीत होऊन काही उपयोग होता, तिने विचारलं का? नाही. कुठे गेलं तिचं "आई ये"? बोक्याला सुचतं, चपलावालीला सुचतं.

रविवार, २५ तारीख

चूल पेटवायच्या आधी हे लिहून काढते.

आज पुन्हा मागचा पहारा. पुन्हा टेकडी. ते तेराजण खाली ओढ्यातून पुलाकडे चाललेले, एकामागे एक, मुंग्यांसारखे. आणि पुलापलीकडच्या पडक्या घरात मला हालचाल दिसली. खिडकीत एक, छपरावर दोन. मीच बघितली. दुसऱ्या कोणी नाही, मीच.

लाल बटण दाबलं. म्हटलं, "अगं आले मेले! पलीकडे बघ, त्या घरात! मी म्हणतच होते ओढ्यातून जाऊ नका, उघड्यावर कोण जातं, पण माझं कोण ऐकतंय, मला बसवलंय गवतात, आता तरी बघ, कुठे चाललीस, थांब ना, थांब म्हणते ना, तुला लहानपणापासून सांगतेय खाली बघून चालू नको…"

ते चालतच राहिले. मी ओरडतेय आणि ते चालतच आहेत. मग छपरावरून बंदूक सुरू झाली. दोरीवरून कपडे गळून पडावेत तसे पडले. बोका पडला, मास्तर पडला. ती सगळ्यांत पुढे होती. हात वर करून सगळ्यांना मागे वळायची खूण करत होती. ती खूण करताना पडली.

मग मलाही कुठूनतरी लागली. काळं.

मेल्यावर सगळे एका ठिकाणी जमतात. तिथे बटण लागत नाही, सगळ्यांना सगळं ऐकू येतं. बोका म्हणाला, "जाऊ द्या, होतं." मास्तर म्हणाला, "काकू, घर दिसलं हे सांगितलंत, उत्तम. पण कप्तानला त्याच वेळी खाली सुरुंगाची तार दिसली होती. ती थांबा म्हणत होती. आम्हाला तुमचंही कळलं नाही आणि तिचंही नाही, नुसती खरखर."

मी म्हटलं, माझ्यामुळे? मी तर वाचवत होते!

तेव्हा ती बोलली. आवाज चढवला नाही. ती कधीच चढवत नाही, तेच मला सहन होत नाही.

"आई, बाबांच्या वेळी डॉक्टर काय सांगत होते, आठवतं तुला?"

"त्यांना काय येत होतं सांगायला! तासभर ताटकळत ठेवलं, आणि ती खाट…"

"ते म्हणत होते, आत जा, आत्ता शुद्धीवर आहेत, बोलून घ्या. तीनदा म्हणाले. तू त्यांना चादरीवरून झापत होतीस. चादर मळकी आहे, मी घरून धुऊन आणते, ह्याला दवाखाना म्हणतात का. मी तुझा दंड धरून ओढत होते. आपण आत गेलो तोवर बाबांची शुद्ध परत गेली होती. मग उठलेच नाहीत."

बाराजण ऐकत होते. दातांचा डॉक्टर, टेम्पोवाला, चपलावाली, सगळे. माझ्या घरातलं.

मी म्हटलं, "मग तू का नाही बोललीस त्यांच्याशी? तू का नाही गेलीस आत?"

ती म्हणाली, "तुझा हात सोडून?"

मी कॉम्प्युटरची पिन भिंतीतून उपटली.

सोमवार, २६ तारीख

चादर मळकी होती. होतीच. पायाकडे पिवळा डाग होता, औषधाचा, नुसत्या पाण्याने निघण्यातला नाही. त्यांच्या अंगाखाली मी तसली चादर कधी घातली नव्हती. कोणीतरी बोलायला नको?

आज तीन शर्ट भाजले. मालक म्हणाला, मशीन भाजत नाही.

गुरुवार, २९ तारीख

मशीन आलं. डोकं नाही, पाय नाही, नुसती छाती. मालकाने माझ्याच हाताने त्याला पहिला शर्ट घालायला लावला. फुगलं, फुसफुसलं, आणि दोन श्वासांत कॉलरसकट झालं. खोटं कशाला बोलू, कॉलर चांगली आली होती.

संध्याकाळी नणंद आली. म्हणाली, "पोरीने सांगितलंय, आईचं नाव तुकडीतून काढलेलं नाही. रविवारी यायचं असेल तर ये म्हणावं."

"एवढंच?"

"बाकी ती तुला सांगेल. ती दोन रविवार तेच सांगायला बघतेय, वहिनी. मला विचारू नकोस, मी सांगितलं तर मग परत मीच मधे."

मी म्हटलं, काय सांगायला बघतेय? ये म्हणायला? मग म्हणत का नाही? दोन शब्द आहेत. नणंद कपाळाला हात लावून बसली. मग उठून माझा डावा हात धरला, कॉम्प्युटरवरून उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "हा इथे ठेवायचा. बोलायचं असेल तेव्हाच उचलायचा."

ठेवते म्हटलं. तिच्या समाधानाला.

मांडीवर ठेवल्यापासून तो हिरवा दिवा लागला नाही. तारबिर हलली असेल.

शनिवार, ३१ तारीख

बहिणीचा फोन होता. जिन्याखालचं सामान हलवून जागा केलीय, कधी येतेस. म्हटलं, सांगते.

उद्या दुपारी मोहीम. ती सुरू व्हायच्या आधी रेडिओ तपासतात, एकेकाने आपलं नाव घेऊन बोलायचं. माझी पाळी आली की बोलायचं ठरवलंय. ऐनवेळी तोंडात जे येतं त्याचा भरवसा नाही, म्हणून आधी लिहून काढते.

पहिल्यांदा लिहिलं ते असं:

कप्तान, इस्त्री बोलतेय. तुला सगळं माहीतच आहे, तुझी आत्या काही पोटात ठेवत नाही, खोली जातेय हे तुझ्या बारा माणसांना ठाऊक, तरी तू एका शब्दाने विचारलं नाहीस, मी तुझ्यासाठी काय केलं नाही, तापात रात्र रात्र बसले, आणि तू मला मेलेल्यांच्या खोलीत सगळ्यांसमोर…

हे वाचायलाच एक चहा झाला. हे बोलेपर्यंत लढाई संपेल.

दुसऱ्यांदा:

कप्तान, इस्त्री बोलतेय. चादर मळकी होती हे मी मरेपर्यंत म्हणेन. पण डॉक्टर तीनदा बोलला ते मला ऐकू आलं नव्हतं. एकदाही आलं नव्हतं. खरंच सांगते, मला वाटलं तो चादरीवरून हुज्जत घालतोय. ऐकू आलं असतं तर मी धावत…

हे खोडलं. टेम्पोवाल्यासमोर हे कशाला.

खोडलं तरी वाचता येतंय. येऊ दे.

आता शेवटचं. ह्यात आता काही घालायचं नाही, काढायचं नाही. कोणी मधे बोललं तर थांबायचं आणि पहिल्यापासून म्हणायचं:

कप्तान, इस्त्री बोलतेय. सात तारखेला माझी खोली जाते. बहिणीकडे जिन्याखाली जागा आहे, मला ती नको. मी तुझ्याकडे येऊ का? मी विचारतेय. मटार सोलताना ऐकलंस ते धरू नकोस, हे धर. मला शुक्रवारी दिवे लागायच्या आत सांग. फोनवर सांग, आत्याकडून नको. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही, पण वाक्य पुरं कर.